श्वासचाचणीला जाण्यापूर्वी

जेवण झालं की तासाभरात पोट तट्ट फुगतं, गुबारा धरतो, आतून गुडगुडत राहतं. कुणाला दूध प्यायल्यावर लगेच शौचाला पळावं लागतं, तर कुणाचं दोन-दोन दिवस पोट साफ होत नाही. अशी तक्रार घेऊन गेलेल्या माणसाच्या रक्ताच्या तपासण्या होतात, सोनोग्राफी होते, कधी एंडोस्कोपीही होते आणि सगळं ‘नॉर्मल’ येतं. त्रास मात्र जिथल्या तिथे. मग घरचे म्हणू लागतात, ‘तू फार मनाला लावून घेतोस.’ ओळखीतलं कुणी दूध सोडायला सांगतं, कुणी गहू. अशा रुग्णांना पोटविकारतज्ज्ञ आता श्वासचाचणी सुचवू लागले आहेत. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत आणि काही खासगी केंद्रांत ती होते. सुई टोचायची नाही, नळी घालायची नाही, भूल द्यायची नाही. एक द्रावण किंवा कॅप्सूल घ्यायची आणि ठरलेल्या वेळी यंत्रात किंवा पिशवीत फुंकायचं.

चाचणी इतकी सोपी दिसते की तिच्या तयारीकडे दुर्लक्ष होतं. आदल्या रात्री खाल्लेली वाटीभर उसळ दुसऱ्या दिवशीचा अहवाल बिघडवायला पुरते. पैसे जातात, अर्धा दिवस जातो आणि चुकीच्या अहवालावर चुकीचं औषध सुरू होतं, ते सगळ्यात वाईट. चाचणीच्या आधी आणि नंतर रुग्णाच्या हातात बरंच काही असतं. त्यासाठी हा लेख आहे.

श्वासात पोटातलं काय येतं

आपल्या शरीरातली एकही पेशी हायड्रोजन वायू तयार करत नाही. श्वासात तो सापडला, तर तो जिवाणूंनी तयार केलेला असतो. लहान आतड्यात न शोषली गेलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन निघतो. त्यातला काही भाग आतड्याच्या अस्तरातून रक्तात मिसळतो, रक्ताबरोबर फुप्फुसांत पोचतो आणि उच्छ्वासातून बाहेर पडतो. अमेरिकेतले डॉक्टर मायकेल लेविट यांनी माणसाच्या शरीरातल्या हायड्रोजनची निर्मिती आणि उत्सर्जन यांवरचं संशोधन १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केलं. आजच्या हायड्रोजन श्वासचाचण्या याच तत्त्वावर चालतात. श्वासातला वायू ‘पीपीएम’मध्ये मोजतात, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत त्या वायूचे किती भाग आहेत ते.

सगळ्यांच्या आतड्यात हायड्रोजन तसाच राहतो असं नाही. काहींच्या आतड्यात मिथॅनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथाय नावाचे सूक्ष्मजीव असतात. ते हायड्रोजनचे चार रेणू वापरून मिथेनचा एक रेणू बनवतात. अशा माणसाच्या श्वासात हायड्रोजन कमी आणि मिथेन जास्त दिसतो. मिथेन आतड्याची हालचाल मंदावतो, आणि जुनाट बद्धकोष्ठता असलेल्यांत तो अधिक आढळतो. फक्त हायड्रोजन मोजणाऱ्या यंत्रावर अशा रुग्णाची चाचणी खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. म्हणून वेळ घेण्यासाठी फोन कराल तेव्हा विचारा, की तुमचं यंत्र हायड्रोजन आणि मिथेन दोन्ही मोजतं का. एकच मोजत असेल आणि तुमची मुख्य तक्रार बद्धकोष्ठतेची असेल, तर दुसरं केंद्र शोधणं बरं.

कोणत्या प्रश्नासाठी कोणती चाचणी

‘श्वासचाचणी करून या’ एवढं ऐकून निघू नका. ही एकच चाचणी नाही. दूध पचतं का हे पाहायचं असेल तर लॅक्टोज देतात, फळांतली साखर पचते का हे पाहायला फ्रुक्टोज. लहान आतड्यात जिवाणूंची अतिवाढ झाली आहे का, हे तपासायला ग्लुकोज किंवा लॅक्टुलोज देतात. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आहे का, हे पाहण्यासाठी युरिया देतात. ही शेवटची चाचणी बाकीच्यांहून अगदी वेगळी आहे आणि तिची तयारीही वेगळी, म्हणून तिच्याकडे शेवटी येऊ. चिठ्ठीवर कोणता पदार्थ लिहिला आहे ते वाचून घ्या आणि डॉक्टरांना सरळ विचारा: ‘या चाचणीतून आपल्याला नेमकं काय कळणार आहे, आणि त्यावरून औषधात काय बदलणार आहे?’ दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर चाचणीची घाई नसते.

काही लक्षणं असतील तर श्वासचाचणीच्या वाटेला आधी जाऊच नये. शौचातून रक्त जाणं, शौचाचा रंग डांबरासारखा काळा होणं, कारण नसताना वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी होत जाणं, घास गिळताना अडकणं, सतत उलट्या, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, घरात जवळच्या कुणाला आतड्याचा किंवा जठराचा कर्करोग, किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला पोटाचा त्रास. यातलं काहीही असेल तर एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपी, स्कॅन यांना पर्याय नाही. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोगही आढळतो आणि तो पोट फुगणं, दुखणं, वजन घटणं अशाच वेषात येतो. श्वासात तो दिसत नाही. कर्करोग, क्षय, आतड्याची सूज यांतलं काहीच या चाचण्या नाकारू शकत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

तयारी महिनाभर आधी सुरू होते

आधी हायड्रोजन-मिथेन चाचण्यांची तयारी पाहू. अँटिबायोटिक घेतलं असेल, कशासाठीही, अगदी दातासाठी घेतलं तरी, चाचणी त्यानंतर किमान चार आठवड्यांनी करा. ज्या जिवाणूंनी तयार केलेला वायू मोजायचा, त्यांचीच संख्या औषधाने बदललेली असते. कोलोनोस्कोपीसाठी पोट साफ केलं असेल तरी काही आठवडे थांबायला सांगतात, कारणही तेच.

आठवडाभर आधी जुलाबाची औषधं बंद करतात. आपल्याकडे इथेच गफलत होते. डॉक्टर विचारतात, ‘पोट साफ व्हायचं काही औषध घेता का?’ आणि रुग्ण ‘नाही’ म्हणतो, कारण त्रिफळा, रात्रीचा इसबगोल, एरंडेल किंवा पोटाचं एखादं चूर्ण हे त्याच्या लेखी औषध नसतंच. हे सगळं सांगा. आतड्याची हालचाल वाढवणारी औषधंही, म्हणजे डॉम्पेरिडोन, इटोप्राइड, लेव्होसल्पिराइड, या काळात थांबवायला सांगतात. ॲसिडिटीच्या अनेक कॅप्सूलमध्ये डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड आधीच मिसळलेलं असतं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा, किंवा सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. प्रोबायोटिक घेत असाल तर तेही सांगा. यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करू नका. मधुमेह, हृदयविकार, फिट्स यांची औषधं तर मुळीच नाही.

आदल्या दिवशीचं खाणं हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग आहे. ‘हलकं खा’ म्हटलं की आपल्या घरात वरणभात होतो किंवा मुगाच्या डाळीची खिचडी. दोन्हीत डाळ आहे, आणि डाळीतल्या काही साखरा कुणाच्याच लहान आतड्यात पचत नाहीत. त्या जिवाणूंसाठी उरतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही हायड्रोजन देत राहतात. गहू, मका, बटाटा यांच्या पिष्टाचाही काही भाग मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो. पांढऱ्या तांदळाचं तसं नाही, तो लहान आतड्यात जवळजवळ पूर्ण शोषला जातो. म्हणून आदल्या दिवशी आपला आधार तांदूळच. सकाळी पेज किंवा मऊ भात, मीठ आणि चमचाभर तूप. दुपारी जिऱ्याची फोडणी दिलेला साधा भात, नाहीतर तांदळाची भाकरी. भात ताजा आणि गरम असावा. शिळ्या, गार झालेल्या भातात न पचणारं पिष्ट वाढतं, म्हणून फोडणीचा भात नको. मांसाहार करणाऱ्यांना अंडं, मासे, चिकन चालतं, फक्त मीठ-हळद लावून. कांदा, लसूण, खोबऱ्याचं वाटण नको. नाश्त्याला पोहे करायचे तर कांदा, बटाटा, शेंगदाणे, मटार, ओलं खोबरं वगळून, आणि मग त्यात फारशी चव उरत नाही हे मान्य. एक दिवसाचा प्रश्न आहे.

डाळी, कडधान्यं, बेसन, पोळी, ज्वारी-बाजरीची भाकरी, सगळ्या भाज्या आणि फळं, सुकामेवा, दूध, दही, ताक, पनीर, मध, मिठाई हे त्या दिवशी बाजूला ठेवा. चहा कोरा. बद्धकोष्ठता असेल तर हाच आहार दोन दिवस ठेवायला काही केंद्रं सांगतात, आणि ते योग्यच आहे, कारण दोन दिवसांपूर्वीचं अन्नही मोठ्या आतड्यात पडून असतं. शाकाहारी लोकांना एक सूचना. बरीच छापील सूचनापत्रं परदेशी नमुन्यावरून उचललेली असतात. त्यात चिकन, मासे, अंडी, पांढरा पाव एवढंच लिहिलेलं असतं आणि शाकाहारी माणूस गोंधळून डाळीकडे वळतो. अशा वेळी एक दिवस भात आणि तूप यांवर काढा, पण डाळ खाऊ नका.

रात्रीचं जेवण आटोपल्यावर बारा तास काही खायचं नाही. पाणी चालतं. ‘उपाशीपोटी या’ म्हणजे साबुदाण्याची खिचडी किंवा वरीचे तांदूळ चालतील असा समज करून घेऊ नका. एकादशी किंवा चतुर्थी आदल्या दिवशी येत असेल तर तारीख बदलून घ्या, कारण उपासाच्या फराळातले शेंगदाणे, बटाटा, रताळं, दूध, फळं हे सगळं वर्ज्य यादीतलंच आहे.

सकाळी दात घासा, चूळ भरा. मिश्री लावू नका. विडी, सिगारेट, तंबाखू, पान, सुपारी, बडीशेप, च्युइंगगम, पुदिन्याच्या गोळ्या काहीही नको. धूम्रपानाने श्वासातला हायड्रोजन वाढतो. पळणं, भराभर चालणं, कपालभाती किंवा भस्त्रिका त्या दिवशी सकाळी करू नका. जोरजोरात श्वास घेतल्याने उच्छ्वासातल्या वायूंचं प्रमाण बदलतं, आणि आपल्याकडे पहाटे प्राणायाम करून थेट केंद्रात पोचणारे लोक कमी नाहीत. केंद्र दूर असेल तर धावपळ न करता वेळेआधी पोचा आणि शांत बसा.

मधुमेह असलेल्यांनी तारीख ठरवण्याआधीच आपल्या डॉक्टरांशी बोलावं. बारा तास उपाशी राहायचं आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी नेहमीसारखी घ्यायची, यात साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. शिवाय ग्लुकोजच्या चाचणीत बऱ्याच ठिकाणी ७५ ग्रॅम ग्लुकोज एकदम प्यायला देतात. फ्रुक्टोज खाल्ल्यावर लहानपणापासून उलट्या, घाम, चक्कर असा जन्मजात दोष असलेल्या माणसाला फ्रुक्टोजची चाचणी अजिबात करायची नसते. त्यात जिवाला धोका असतो.

चाचणीच्या दिवशी

चाचणीसाठी दोन ते तीन तास मोकळे ठेवा. तोंडातले जिवाणूही हायड्रोजन तयार करतात, म्हणून काही केंद्रांत आधी जंतुनाशक द्रावणाने चूळ भरायला लावतात. मग पहिली फुंकर. श्वास आत घ्यायचा, सुमारे पंधरा सेकंद रोखायचा, पहिली हवा सोडून द्यायची आणि शेवटची, फुप्फुसाच्या तळातली हवा यंत्रात किंवा पिशवीत द्यायची. घाईने फुंकलं तर नाका-तोंडातली हवा मोजली जाते. पहिल्या फुंकरीतच हायड्रोजन २० पीपीएम किंवा जास्त आला तर तयारी नीट झालेली नाही असं समजून बहुतेक केंद्रं चाचणी पुढे ढकलतात. राग येतो, पण त्यांचं बरोबर असतं. ‘आता आलो आहोत तर करूनच टाका’ असा आग्रह धरू नका.

मग द्रावण प्यायचं. लॅक्टोज आणि फ्रुक्टोज साधारण २५-२५ ग्रॅम, लॅक्टुलोज १० ग्रॅम. लहान मुलांना वजनाप्रमाणे कमी. त्यानंतर दर पंधरा ते तीस मिनिटांनी फुंकर द्यायची. मधल्या वेळात खायचं नाही, झोपायचंही नाही, कारण झोपेत श्वास मंदावतो आणि वायूचे आकडे वाढतात. पुस्तक वाचा, मोबाइल पाहा, पण बसून.

एक वही किंवा कागद जवळ ठेवा आणि पोटात जे होईल ते वेळेसकट लिहा: ९.४० गुडगुड, १०.१५ पोट फुगलं, १०.५० कळ आली. हे लिहायला केंद्र सांगत नसेल तरी लिहा. अहवाल समजून घेताना हे टिपण आकड्यांइतकंच कामाला येतं. द्रावणाने पुढच्या काही तासांत जुलाब होऊ शकतात, तेव्हा चाचणीनंतर लगेच लांबचा प्रवास किंवा शौचालय नसलेल्या ठिकाणी जायचं काम ठेवू नका.

अहवाल हातात आल्यावर

अहवालाच्या शेवटी ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ असा एक शब्द असतो आणि सगळ्यांची नजर तिथेच जाते. त्याच्या वरचा तक्ता जास्त महत्त्वाचा आहे. प्रत्येक वेळेचे हायड्रोजन आणि मिथेनचे आकडे त्यात असायला हवेत. नसतील तर मागून घ्या, कारण दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर नुसत्या एका शब्दावर ते काहीच सांगू शकणार नाहीत.

लॅक्टोज किंवा फ्रुक्टोजच्या चाचणीत पहिल्या आकड्यापेक्षा हायड्रोजन २० पीपीएम किंवा जास्त वाढला तर ती साखर नीट शोषली जात नाही असा अर्थ. ग्लुकोज किंवा लॅक्टुलोजच्या चाचणीत हीच वाढ पहिल्या ९० मिनिटांत झाली तर लहान आतड्यात जिवाणूंची अतिवाढ असल्याचा संशय घेतात. मिथेन कोणत्याही वेळी १० पीपीएम किंवा जास्त असेल तर तो वाढलेला मानतात. ग्लुकोजच्या चाचणीसाठी काही ठिकाणी २० ऐवजी १२ ची सीमा धरतात, त्यामुळे दोन केंद्रांच्या निष्कर्षांत फरक दिसला तर आधी कोणती सीमा लावली ते पाहा.

लॅक्टुलोजच्या चाचणीबद्दल मी जरा ठामपणे बोलणार आहे. लॅक्टुलोज माणसाच्या आतड्यात शोषलं जात नाही, ते मोठ्या आतड्यात पोचणारच. काही जणांच्या आतड्याची गती जलद असते आणि त्यांच्यात ते ९० मिनिटांच्या आतच मोठ्या आतड्यात पोचतं. तिथे हायड्रोजन वाढला तर तो अगदी नैसर्गिक असतो, पण अहवालात तो ‘जिवाणूंची अतिवाढ’ म्हणून उमटतो. ग्लुकोजचं उलटं आहे. ते लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषलं जातं, त्यामुळे पुढच्या भागातली अतिवाढ त्याच्या नजरेतून सुटू शकते. म्हणून लॅक्टुलोजच्या एकट्या अहवालावर कुणी तुम्हाला अँटिबायोटिकचा कोर्स सुचवला तर तुमची लक्षणं, आधीचे आजार आणि हा अहवाल एकत्र बसतात का, हे विचारा. पोटाची शस्त्रक्रिया, दीर्घकाळचा मधुमेह, आतड्याची हालचाल मंदावणारे आजार, आम्ल कमी करणारी औषधं अनेक महिने चालू असणं, यांपैकी काही असेल तर अतिवाढीची शक्यता खरोखर जास्त असते. यातलं काहीच नसताना औषधाच्या दुकानातून स्वतःच गोळ्या आणणं हा मार्ग नव्हे.

दूध सोडायचं का?

लॅक्टोजची चाचणी पॉझिटिव्ह आली की घरात दुधावर बंदी येते. ती बहुतेक वेळा गरजेपेक्षा कडक असते. चाचणीत दिलेलं २५ ग्रॅम लॅक्टोज म्हणजे सुमारे अर्धा लिटर दुधातलं लॅक्टोज, तेही उपाशीपोटी एका दमात. चहात पडणाऱ्या दुधात ते दोन-अडीच ग्रॅम असतं. लॅक्टोज पचवू न शकणारी बरीच माणसं एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत, म्हणजे एका पेल्याइतकं, फारसा त्रास न होता घेऊ शकतात, विशेषतः जेवणाबरोबर. इथेच चाचणीच्या वेळी लिहिलेलं टिपण उपयोगी पडतं. हायड्रोजन वाढला पण पोटात काहीच झालं नाही, तर लॅक्टोज शोषलं जात नाही एवढंच खरं. तुमच्या त्रासाचं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

दुधाचे सगळे पदार्थ सारखे नसतात. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतं. दही लागताना जिवाणू त्यातलं काही लॅक्टोज वापरतात आणि उरलेलं पचवायला त्यांचंच विकर आतड्यात मदत करतं. ताक तर पाणी घालून पातळ केलेलं. श्रीखंडाच्या चक्क्यातून पाणी निथळतं तेव्हा लॅक्टोजचा मोठा भाग त्या पाण्याबरोबर निघून जातो. याउलट दूध आटवलं की लॅक्टोज दाट होतं. बासुंदी, रबडी, पेढा, बर्फी यांत ते भरपूर असतं, आणि शंभर ग्रॅम खव्यात वीस ग्रॅमच्या आसपास. लग्नात बासुंदीच्या दोन वाट्या झेपल्या नाहीत म्हणून घरचं ताक सोडायचं कारण नाही. दोन-तीन आठवडे दूध बंद ठेवून त्रास कमी होतो का पाहा, मग थोडं थोडं वाढवत आपली मर्यादा शोधा.

दूध खरंच कमी करावं लागलं तर कॅल्शियमचा विचार आधी करा. शंभर मिलिलिटर दुधातून साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. नाचणी, तीळ आणि काट्यासकट खाल्ली जाणारी छोटी मासळी यांतून ते भरून काढता येतं. रजोनिवृत्तीच्या आसपासच्या स्त्रियांनी यात हयगय करू नये. मोठ्या जुलाबानंतर मुलांना काही आठवडे दूध सोसत नाही, पण आतड्याचं अस्तर भरून आलं की ते पुन्हा पचतं. अशा मुलाला आयुष्यभरासाठी ‘दूध न चालणारा’ ठरवू नका.

जठरातला जिवाणू आणि युरियाची चाचणी

अल्सर तिखटाने आणि काळजीने होतो, असं आजही घरोघर मानलं जातं. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा जठराच्या सुजेशी आणि अल्सरशी असलेला संबंध दाखवला. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल स्वतः या जिवाणूंचं द्रावण प्यायले आणि त्यांच्या जठराला सूज आली. दोघांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जिवाणूला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. आपल्या देशात तो अतिशय सर्रास आहे. तो असलेल्या बहुतेकांना काही होत नाही, पण अल्सर झाला असेल तर त्याचा निकाल लावावाच लागतो.

हा जिवाणू युरियाचे तुकडे करून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड बनवतो. म्हणून ओळखू येईल असा कार्बन असलेला युरिया गिळायला देतात. जिवाणू असेल तर तो खुणेचा कार्बन दहा ते तीस मिनिटांत श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये उतरतो. नसेल तर युरिया तसाच लघवीवाटे निघून जातो. कॅप्सूल दिली तर ती चावू नका, तोंडातल्या जिवाणूंमुळे खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. कार्बन-१३ किरणोत्सारी नसतो. कार्बन-१४ किरणोत्सारी असतो, पण त्याची मात्रा इतकी कमी की एका दिवसात निसर्गातून आपल्याला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाहूनही ती कमी भरते. तरीही गर्भवती स्त्रिया आणि मुलांसाठी कार्बन-१३च मागावा.

आता तयारी, कारण इथे बहुतेक अहवाल चुकतात. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल यांसारख्या गोळ्या किमान दोन आठवडे बंद हव्यात. हायड्रोजनच्या चाचणीसाठी त्या सहसा बंद कराव्या लागत नाहीत, युरियासाठी लागतात. या गोळ्या जिवाणूंना दडवतात आणि अहवाल खोटा निगेटिव्ह येतो. आपल्याकडे सकाळी उठल्यावर ही गोळी घेणं चहाइतकं अंगवळणी पडलं आहे, त्यामुळे ती विसरून घेतली जाते. पाकीटच दोन आठवडे नजरेआड ठेवा. त्या काळात जळजळ झाली तर पातळ अँटासिड कितपत आणि कधीपर्यंत चालेल, ते डॉक्टरांना विचारून घ्या. अँटिबायोटिक आणि बिस्मथ चार आठवडे बंद. ज्यांना पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झाला आहे, किंवा जे हृदयासाठी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल घेतात, त्यांनी मात्र पोटाची गोळी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय एक दिवसही थांबवू नये. त्यांच्यासाठी वेगळा मार्ग काढता येतो.

जिवाणू सापडला तर साधारण दोन आठवडे एकापेक्षा जास्त अँटिबायोटिक एकत्र घ्यावी लागतात. गोळ्या पुष्कळ, तोंडाला कडवट चव, मळमळ. तरीही कोर्स पुरा करा. आपल्याकडे या जिवाणूने नेहमीच्या काही औषधांना दाद देणं कमी केलं आहे, त्यामुळे कोर्स संपला म्हणजे जिवाणू गेला असं धरून चालता येत नाही. बरं वाटणं हाही पुरावा नाही. चाचणी पुन्हा करावी लागते, आणि नेमकी तीच बहुतेक लोक टाळतात. त्यासाठी रक्तातली अँटिबॉडी तपासून उपयोग नाही, ती जिवाणू गेल्यावरही अनेक महिने पॉझिटिव्ह राहते. श्वासचाचणी करा किंवा शौचाच्या नमुन्यातली अँटिजेन चाचणी.

तारखा कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा. कोर्स १ जूनला संपला तर चाचणी जून संपत आला की करायची, त्याआधी नाही. १५ जूनपासून पॅन्टोप्राझोलसारखी गोळी बंद, आणि मधल्या काळात घसा-खोकल्यासाठी अँटिबायोटिक घ्यावं लागलं तर तारीख आणखी चार आठवडे पुढे. चाचणी पुन्हा पॉझिटिव्ह आली तर तीच औषधं परत घेऊन फारसं साधत नाही. आधीच्या कोर्सची चिठ्ठी जपून ठेवा आणि दाखवा, म्हणजे डॉक्टरांना औषधांची वेगळी जोडणी निवडता येईल.